लाल पेनाने लिहिलेलं 'गृहिणी'

आई मोजत असली की आमच्या घरात कुणी बोलायचं नाही. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून जरा आत, आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यातल्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आईचं वाइंडिंगचं मशीन होतं. मशीन म्हणजे काय, पाटावर ठोकलेला एक दांडा, त्याला हँडल, दांड्यावर प्लास्टिकचं बॉबिन आणि बाजूला तांब्याच्या तारेचं रीळ. हँडल फिरवलं की बॉबिन फिरायचं आणि केसासारखी तार त्यावर एकाला एक चिकटून बसायची. वेढे मोजणारा काटा मशीन घेतलं तेव्हापासूनच बंद होता, त्यामुळे आई तोंडाने मोजायची. शंभर झाले की पाटावर खडूची एक रेघ. बाराशे वेढ्यांची कॉईल असेल तर बारा रेघा. मधेच मी "आई, भूक लागली" म्हटलं तर ती उत्तर द्यायची नाही, नुसत्या भुवया उचलायची. बाबा कारखान्यातून आले तरी दारात चपला काढून पहिल्यांदा कानोसा घ्यायचे. आई "सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव" करत असली की तसेच उंबऱ्यावर बसून राहायचे. खडूची रेघ ओढली गेली की मग आत.

त्या काळात घरोघरी रंगीत टीव्ही येत होते, फ्रीज येत होते, आणि वीज आपली पूर्वीसारखीच कमी-जास्त होत होती, म्हणून प्रत्येक टीव्हीखाली एक स्टॅबिलायझर असायचा. त्या स्टॅबिलायझरच्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरच्या कॉईल आमच्या वस्तीतल्या पाच-सहा बायका घरी बसून गुंडाळायच्या. एका लहान कारखान्याचा माणूस सायकलवर रिळं आणून द्यायचा आणि तयार माल घेऊन जायचा. आईची एकही कॉईल कधी परत आली नाही. ती अकोल्याकडची, शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन पुण्याला आली तरी तिची बोली तशीच राहिली. "काय करून राह्यली वं?" असं ती विचारायची आणि शेजारच्या बायका हसायच्या. ती म्हणायची, "हसा. तुमचं मराठी पुस्तकातलं हाये, माह्यं तोंडातलं हाये." रविवारी ती पाटवड्यांचा रस्सा करायची. मसाला पाट्यावर वाटायची, आणि त्या वासात तारेच्या वार्निशचा वास मिसळलेला असायचा. अजूनही मला नुसता रस्सा अळणी वाटतो.

मला शाळेत मात्र बाबांनी विश्रांतवाडीत घातलं नव्हतं. नदीपलीकडे, शहरातल्या एका नावाजलेल्या मराठी शाळेत घातलं होतं. दोन बस बदलून मी जायची. बाबांना वाटायचं, चांगल्या शाळेत चांगल्या लोकांत राहिलं की मूल चांगलं होतं. बाबा गेले, त्यामुळे आता त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

सातवीत असताना शाळेत एक उपक्रम आला. विज्ञानाच्या लिमये बाईंनी वर्गात सांगितलं की, चार शनिवार एका कॉम्प्युटर कंपनीतले इंजिनिअर येणार आहेत, ते आपल्याकडून प्रयोग करून घेतील आणि मोठेपणी विज्ञानात, तंत्रज्ञानात कोणकोणत्या वाटा असतात ते सांगतील. पुढे त्या म्हणाल्या, "आणि ज्यांचा कल दिसेल, त्या वीस जणांना आठवीपासून टेक्निकलला घेऊ. बाकीच्यांनी आत्तापासून आशेवर राहायचं कारण नाही." लिमये बाई अशाच बोलायच्या. टेक्निकल म्हणजे आठवी ते दहावी, आठवड्यातून दोनदा शाळेमागच्या वर्कशॉपमध्ये जायचं. तिथे लेथ होतं, शिशाचा डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न होतं, वायरिंगचे बोर्ड होते. खिडकीच्या जाळीतून मी ते सगळं कितीतरी वेळा पाहिलं होतं. मला तिथे जायचं होतं. लहानपणी मी फार हट्टी नव्हते, पण हे मला हवं होतं.

इंजिनिअर म्हणून आले ते मुकुंद सर. विशी उलटलेली, इस्त्रीचा शर्ट, खिशाला लटकवलेलं ओळखपत्र, हातात पुठ्ठ्याची दोन मोठी खोकी. ते आम्हाला "मित्रांनो" म्हणायचे, आणि आम्हाला आजवर शाळेत कुणी मित्र म्हटलं नव्हतं. पहिल्या शनिवारी त्यांनी कागदाचे पूल करून घेतले. दुसऱ्या शनिवारी प्रत्येक गटाला एक लोखंडी खिळा, एक सेल आणि दोन-तीन हात तांब्याची तार दिली. तार खिळ्यावर गुंडाळायची, टोकं सेलला लावायची, की खिळ्याचा चुंबक होतो आणि टाचण्या उचलतो. सगळ्यांनी गुंडाळली. एकाही गटाची एकही टाचणी हलली नाही. मुकुंद सरांनी स्वतः करून पाहिलं, त्यांचीही नाही. त्यांनी सेल बदलले. तरी नाही. लिमये बाई मागे उभ्या होत्या, म्हणाल्या, "टाचण्या बहुतेक सुट्टीवर आहेत."

मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. त्या तारेवर वार्निशचा लेप असतो, दिसत नाही, पण असतो. तो खरवडल्याशिवाय वीज आत शिरणार कशी? मी कंपासपेटीतल्या पट्टीच्या कडेने दोन्ही टोकं खरवडली, तांबं लखलखीत लाल दिसायला लागलं, आणि सेलला लावली. टाचण्यांचा अख्खा झुबका खिळ्याला येऊन चिकटला. माझ्या गटातला अमेय "अरे" म्हणून मागे सरकला. मुकुंद सर धावत आले. त्यांनी माझी कॉईल हातात घेऊन उजेडाकडे धरली. "एकही वेढा एकमेकावर चढलेला नाही," ते म्हणाले. "कुठे शिकलीस?"

"आई घरी कॉईल गुंडाळते," मी म्हटलं.

"मग तुझी आई मला शिकवायला हवी," ते म्हणाले, आणि वर्ग हसला, पण चांगलं हसला. त्या दिवशी मी दोन्ही बसमध्ये उभी राहून घरी आले आणि तरी मला पाय आहेत हे कळलं नाही. आईला सांगितलं तर तिने रेघ ओढेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इंजिनिअरले तार खरडाची मालूम नाही? मंग कॉलेजात काय शिकोतेत?"

तिसऱ्या शनिवारी शिडी आली. मुकुंद सरांनी फळ्याशेजारी एक मोठा तक्ता लावला, त्यावर शिडी काढलेली. सगळ्यात वर शास्त्रज्ञ, त्याखाली इंजिनिअर, मग प्रोग्रॅमर, डॉक्टर, खाली येत येत सुपरवायझर, फिटर, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर 'मदतनीस व इतर'. प्रत्येकाने एका कार्डावर आई-वडिलांचं काम लिहायचं आणि ते योग्य पायरीवर टाचायचं, म्हणजे आपल्याला कुठून कुठे जायचंय ते दिसेल, असा तो खेळ होता. मी एका कार्डावर लिहिलं, 'बाबा – फिटर'. दुसऱ्यावर लिहिलं, 'आई – ट्रान्सफॉर्मरच्या कॉईल तयार करते'. दुसरं कार्ड घेऊन मी तक्त्यापाशी गेले आणि थोडा विचार करून इंजिनिअरच्या खालच्या पायरीवर टाचायला लागले. माझा विचार अगदी सरळ होता. इंजिनिअरला जे आलं नाही ते आईला येत होतं, पण ती कॉलेजात गेली नव्हती, म्हणून एक पायरी खाली.

लिमये बाईंनी माझ्या हातातून कार्ड घेतलं. "वानखडे, हे काय?"

"आईचं काम, बाई."

"हे काम झालं. करिअर नव्हे. घरबसल्या चार पैसे मिळवायला कुणी पापड लाटतं, कुणी तार गुंडाळतं. त्याला गृहिणी म्हणतात." आणि त्यांनी लाल पेनाने माझी ओळ खोडून वर लिहिलं, 'गृहिणी'. मग तक्ता खालपासून वरपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "गृहिणीची पायरी यात नाहीये. जाऊ दे, तुझ्या दप्तरात ठेव."

मी मुकुंद सरांकडे पाहिलं. ते दुसऱ्या एका मुलाचं कार्ड सरळ करत होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, हे मला आजही शपथेवर सांगता येईल.

शिड्या काढणाऱ्या माणसांची मला पुढे आयुष्यभर चीड आली. नोकरीत मी अशी माणसं पुष्कळ पाहिली. त्यांना मशीन कसं चालतं ते माहीत नसतं, पण मशीनवर बसणारा कितव्या पायरीवर आहे ते तोंडपाठ असतं.

ते कार्ड मी आईला दाखवलं नाही. चौथ्या शनिवारी पाहुणे येणार होते, मुकुंद सरांच्या कंपनीचे मोठे साहेब, बंगलोरचे. त्यांना दाखवायला आमच्या गटाने पुठ्ठ्याची क्रेन करायची असं ठरलं. खाली चुंबक, तो टाचण्या उचलेल, क्रेन वळेल, बटण सोडलं की टाचण्या डब्यात पडतील. पुठ्ठ्याचं काम अमेयने केलं आणि छान केलं. कॉईल माझ्याकडे. शाळेची तार पुरेना, म्हणून आईने तिच्याकडच्या जरा जाड तारेचं उरलेलं रीळ दिलं. खिळ्यावर चारशे वेढे मी स्वतः घातले, दर थराला पातळ कागद लावून. आई शेजारी बसून होती, तिने हात लावला नाही. फक्त एकदा म्हणाली, "कोपऱ्यात ढिली पडून राह्यली. उसव." मी साठ वेढे उसवले आणि पुन्हा घातले. ती क्रेन कंपासपेटीचं झाकण उचलायची.

शुक्रवारी लिमये बाईंनी मला सांगितलं, क्रेनची माहिती अमेय सांगेल. "पाहुण्यांना मराठी येत नाही. तुझं इंग्रजी ऐकलं तर ते परत बंगलोरला जातील." वर्ग हसला, आणि या वेळी ते चांगलं हसणं नव्हतं. त्याच दिवशी टेक्निकलच्या वीस जणांची यादी फलकावर लागली. वीसही मुलगे. मी बाईंना विचारायला गेले तर त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "मुलींच्या वेण्या, ओढण्या मशिनीत जातात. जबाबदारी कुणाची? मुलींना गृहशास्त्र आहे. तुझ्या घरी ते चालतंच." मग तीन शनिवार आमचा कल कशाला पाहिला, हे मला विचारता आलं नाही.

शनिवारी पाहुणे आले. चॉकलेटी सूट, हसरा चेहरा. अमेयने पाठ केलेलं इंग्रजी न अडखळता म्हटलं. क्रेनने झाकण उचललं, टाळ्या झाल्या. साहेब वाकले, कॉईल निरखून पाहिली आणि त्यांनी प्रश्न विचारला. तेवढं इंग्रजी मला समजलं. ते विचारत होते, तारेची टोकं खरवडलेली का आहेत, आणि थरांमध्ये कागद का घातलाय. अमेयला ते माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि मराठीतच म्हणाला, "कॉईल तिने केलीय. तिला विचारा." अमेयचं हे मी कधी विसरले नाही.

मी उभी राहिले. लिमये बाई हसत पुढे आल्या आणि पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाल्या की, हे सगळं गटाचं काम आहे आणि अजून बरीच मॉडेल्स पाहायची आहेत. मग माझ्याकडे वळून, तेच हसू ठेवून, मराठीत, "वानखडेबाई, आपण बसा." मी मुकुंद सरांकडे पाहिलं. त्यांच्या एका शब्दाचं काम होतं. "सर, ही मुलगी," एवढं त्यांनी साहेबांना म्हटलं असतं तर पुरे होतं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

लिमये बाईंवरचा माझा राग पुढे वयाबरोबर जरासा बोथट झाला. त्या जशा होत्या तशा दिसत तरी होत्या. मुकुंद सरांवरचा झाला नाही. त्यांना कळत होतं.

मी बसले नाही. टेबलापाशी गेले, सेलच्या वायरी सोडवल्या, क्रेन दोन्ही हातांनी उचलली आणि वर्गाबाहेर पडले. मागून बाई हाका मारत होत्या. मी पळाले नाही, चालत गेले. बसमध्ये क्रेन मांडीवर घेऊन बसले आणि विश्रांतवाडी येईपर्यंत रडले नाही. घरी आईच्या पुढ्यात ती ठेवली, दप्तरातलं कार्ड काढून तिच्या हातात दिलं, आणि मग रडले. तिने कार्ड वाचलं. तिला वाचायला वेळ लागायचा, ओठ हलवत वाचायची. वाचून ते तिने पाटाखाली सरकवलं आणि दिवसभर मशीनला हात लावला नाही.

सोमवारी शाळेतून चिठ्ठी आली की मुलीने शाळेची वस्तू चोरून नेली आहे, पालकांनी भेटावं. बाबा म्हणाले, मी रजा काढतो. आई म्हणाली, "तुमी माफी मागून यासान. मी जातो." ती ठेवणीतलं लुगडं नेसली आणि क्रेन पिशवीत घालून माझ्याबरोबर दोन्ही बस बदलून आली. शिक्षकांच्या खोलीत लिमये बाईंनी तिला बसायला सांगितलं नाही.

"आपली मुलगी चोरी करते, हे आपल्याला ठाऊक आहे का?"

"काय चोरलं बाई तिनं?"

"पिशवीत काय आहे?"

आईने क्रेन टेबलावर ठेवली. "पुठ्ठा तुमचा हाये. हे सेल तुमचे. बटन तुमचं." एकेक वस्तू तिने काढून ओळीत मांडली. मग खिळा हातात घेतला, तारेचं टोक धरलं आणि उसवायला सुरुवात केली. चारशे वेढे. ती तार डाव्या हाताच्या पंजावर गोळा करत होती आणि सवयीने तोंडातल्या तोंडात मोजत होती. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. इतर शिक्षक उठून तासाला गेले, दोघं दारात थबकून पाहत राहिले. लिमये बाई दोनदा म्हणाल्या, "अहो, हे काय चालवलंय आपण?" आईने भुवया उचलल्या. शेवटचा वेढा सुटला तेव्हा तिने उघडा खिळा टेबलावर ठेवला.

"हा तुमचा खिया. तार माह्या घरची हाये, ते मी नेतो. अन् बाई, पोट्टी चोर नाही हे त्या चिठ्ठीवर लिहून द्या."

"असं काही लिहून देता येत नाही."

"लाल पेनानं त येते."

बाईंनी लिहून दिलं नाही. प्रगतिपुस्तकावर 'वर्तन: उद्धट' असा शेरा आला आणि आठवी ते दहावी मी गृहशास्त्र शिकले. तीन वर्षं रुमालाच्या कडा शिवल्या, साबुदाण्याच्या पापड्यांची कृती लिहिली, आणि जाळीच्या खिडकीवरून जाताना मान वळवायची नाही असं स्वतःला बजावलं. दहावीनंतर मी इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला गेले. साठ जणांत आम्ही तीन मुली. मुलांनी तीन वर्षं लेथ चालवलेलं होतं, मी चालवलेलं नव्हतं, आणि पहिलं वर्ष मी त्या एका यादीची किंमत मोजली. कुणी म्हणेल, शेवटी झालं ना चांगलं. झालं. मी ट्रान्सफॉर्मरच्या चाचणी विभागात चढत चढत मुख्य झाले. पण माझ्या वर्गात सव्वीस मुली होत्या. त्यांच्यातल्या किती जणींच्या घरी अशी आई होती, जिच्या हातात तार होती?

काही वर्षांपूर्वी शाळेचा मोठा समारंभ झाला, त्यात माजी विद्यार्थिनी म्हणून माझा सत्कार होता. मी आईला घेऊन गेले. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण आली. व्यासपीठावर लिमये बाई होत्या, कोथरूडहून खास गाडी पाठवून त्यांना आणलं होतं. पांढरे केस, थरथरते हात. त्यांनी भाषणात सांगितलं की, सातवीत एक उपक्रम घेतला होता, आणि त्यात या मुलीतली इंजिनिअर पहिल्यांदा त्यांनी ओळखली. अगदी मनापासून सांगितलं. मला वाटतं, त्यांना ते खरंच तसं आठवत होतं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मग माइक माझ्या हातात आला, पाच मिनिटं होती माझ्याकडे. मी शाळेचे आभार मानले. बाईंच्या पाया पडले. हसले. फोटोत ते हसू आहे. तो फोटो पाहिला की माझा राग लिमये बाईंना सोडून माझ्यावरच येतो.

परतताना रिक्षात आई बाहेर पाहत होती. संगमवाडीच्या पुलावर गर्दी होती, रिक्षा थांबत थांबत चालली होती.

"काऊन बोल्ली नाही वं तू?" तिने विचारलं.

"म्हाताऱ्या झाल्यात गं त्या. एवढ्या लोकांत कशाला."

"मी बी म्हातारी झाली."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण नजर बाहेरच होती.

"मी बोल्ली असती," ती म्हणाली. "पन मले कोनी माइक देल्ला नाही."